ट्रान्झिट व्हिसा नसताना विमान आणि टर्मिनल बदलायचंय? आधी बॅग कुठे उतरणार ते बघा

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीत, कंपनीत, नात्यात कोणी ना कोणी दर दोन महिन्यांनी फोन करतं आणि प्रश्न ठरलेला असतो, "अरे दुबईला सहा तास थांबायचंय, व्हिसा लागेल का रे?" मी उलटं विचारतो, तिकीट एक आहे का दोन, आणि बॅग चेक-इन करणार का हातातच नेणार? समोरच्याला वाटतं हा विषय बदलतोय, पण अर्धं उत्तर तिथेच असतं. तुम्ही त्या मधल्या देशाच्या इमिग्रेशनच्या अलीकडेच राहिलात तर बऱ्याच ठिकाणी ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे नुसतं विमान बदलायला मधल्या देशाचा लागणारा व्हिसा, लागत नाही, आणि तुम्हाला पलीकडे खेचून नेणारी गोष्ट बहुतेक वेळा तुमची बॅगच असते.

हे मी स्वतः अनुभवलंय म्हणून इतकं ठासून सांगतोय. सातपूरच्या आमच्या कंपनीने मला नैरोबीला एक मशीन चालू करून द्यायला पाठवलं, केनियाची ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी, हातात होती, तिकीट मीच काढलं. मुंबई-दुबई एका एअरलाइनचं, दुबई-नैरोबी दुसऱ्या एअरलाइनचं, दोन वेगळी बुकिंग, कारण स्वस्त पडत होतं. रात्री एक वाजता काउंटरवर उभा, बॅग पट्ट्यावर ठेवली, १९ किलो, त्यात पान्ह्यांचा सेट, दोन बेअरिंग, डायल गेज आणि घरून दिलेली गोड्या मसाल्याची पुडी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर बॅग दुबईपर्यंतच जाईल, तिथे तुम्हाला घ्यावी लागेल, दुबईचा व्हिसा दाखवा." व्हिसा नव्हता. तिची काही चूक नव्हती, नियमच तसा आहे, दुबईला बॅगेचा पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे आहे आणि मला पलीकडे जायची परवानगीच नव्हती. बाजूच्या खांबाशी बसून फरशीवर बॅग उघडली, तीन शर्ट, कागद आणि गेज पाठीवरच्या सॅकमध्ये कोंबले, पान्हे तर केबिनमध्ये चालतच नाहीत, मग गाडीवाल्याला फोन केला, तो नशिबाने अजून पार्किंगमध्येच होता, आणि बॅग कसारा घाटातून परत नाशिकला गेली. नैरोबीत दोन दिवस दुसऱ्याचे पान्हे मागून काम केलं.

आता पायरीपायरीने सांगतो, आणि सगळं तिकीट काढायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

पायरी १: तिकीट खरंच एक आहे का

यात लोक पीएनआर बघतात आणि तिथेच फसतात. पीएनआर म्हणजे सहा अक्षरांचा बुकिंग कोड, आणि एकाच तिकिटावर दोन एअरलाइन असतील तर दोघींचे वेगवेगळे पीएनआर असू शकतात, तरीही तिकीट एकच असतं. त्यामुळे बघायचा तो ई-तिकीट नंबर. हा १३ आकडी असतो आणि पहिले तीन आकडे ज्या एअरलाइनने तिकीट काढलं तिचे असतात, एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६. सगळे टप्पे एकाच नंबराखाली छापलेले असतील तर तुमचं एक तिकीट आहे, मग मधे एअरलाइन बदलली तरी जबाबदारी त्यांची, पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं विमान त्यांनीच द्यायचं.

प्रत्येक टप्प्याला वेगळा नंबर असेल तर ती दोन तिकिटं आहेत, मग वेबसाइटवर ती एकाच पानावर एकत्र का दिसेनात. स्वस्त तिकिटांच्या साइट अशी जोडणी करतात आणि कुठेतरी बारीक अक्षरात "सेल्फ ट्रान्सफर" असं लिहितात. हा शब्द दिसला की थांबायचं. त्याचा अर्थ मधल्या विमानतळावर तुम्ही दोन्ही एअरलाइनच्या लेखी अनोळखी प्रवासी आहात, दुसऱ्या एअरलाइनला तुमचं पहिलं विमान लेट झालंय याच्याशी काही देणंघेणं नाही, तुम्ही वेळेत आला नाहीत तर ती सरळ तुमचं नाव काढते.

एजंटकडून तिकीट काढत असाल, कॉलेज रोडला काय आणि शालिमारला काय, तर एकच वाक्य विचारा: "बॅग शेवटपर्यंत जाणार का, आणि सगळे टप्पे एका तिकीट नंबरवर आहेत का?" चांगला एजंट लगेच सांगतो. जो "होईल हो, काही नाही होत" म्हणतो त्याच्याकडून प्रिंट घेऊन स्वतः नंबर मोजा.

पायरी २: बॅग

एक तिकीट असेल आणि मधला थांबा २४ तासांच्या आतला असेल तर बॅग बहुतेक वेळा शेवटच्या शहरापर्यंत टॅग होते. बहुतेक म्हणतोय कारण काही देशांत एक तिकीट असूनही बॅग घ्यावीच लागते, ते पुढे येतंच. मुंबईच्या काउंटरवर बॅगेला पट्टी लावतात तेव्हा तिच्यावर मोठ्या अक्षरात तीन अक्षरी कोड असतो तो वाचा. तुम्ही टोरांटोला चाललाय आणि पट्टीवर दुबईचा कोड असेल तर तिथेच विचारा, बॅग पट्ट्यावरून आत गेली की संपलं. पावतीचा छोटा तुकडा बोर्डिंग पासला चिकटवतात, त्याचा फोटो काढून ठेवा.

दोन तिकिटं असतील तर काही एअरलाइनचे आपसात इंटरलाइन करार असतात, म्हणजे दुसऱ्या एअरलाइनचं वेगळं तिकीट दाखवलं तरी बॅग पुढे टॅग करून देतात, पण करार असूनही वेगळ्या तिकिटाला नकार देणाऱ्या एअरलाइन भरपूर आहेत आणि बजेट एअरलाइन तर सहसा करतच नाहीत. फोनवर विचारून "हो" मिळालं तरी काउंटरवर नाही म्हणू शकतात. म्हणून माझा साधा हिशोब असा, दोन तिकिटं आणि मधल्या देशाचा व्हिसा नाही, तर फक्त हातातली बॅग. तीही सात किलोत बसली पाहिजे, कारण एका एअरलाइनला दहा चालते आणि दुसरी गेटवर वजन करते. एवढ्यात भागत नसेल तर दोन तिकिटांचा विचार सोडून द्या, वाचलेल्या पैशांपेक्षा मनस्ताप जास्त आहे.

पायरी ३: विमानतळ तोच आहे ना, आणि टर्मिनल आतून जोडलेलं आहे का

आधी सगळ्यात मोठी चूक सांगतो. शहर एक पण विमानतळ दोन. इस्तंबूलला एक नवा मोठा विमानतळ युरोपच्या बाजूला आहे आणि सबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला, बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग, लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्युटन, टोकियोला नारिता आणि हानेडा, पॅरिसला चार्ल्स द गॉल आणि ऑर्ली, दुबईलासुद्धा मुख्य विमानतळाशिवाय अल मकतूम वेगळा आहे. एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे त्या देशात शिरायचंच, इमिग्रेशन लागणारच, तिथे ट्रान्झिटची कुठलीही सूट आपोआप मिळत नाही. तिकिटावर दोन्ही टप्प्यांचे तीन अक्षरी कोड एकाखाली एक लिहून बघा, उतरायचा आणि चढायचा कोड सारखाच पाहिजे.

कोड सारखा असेल तर मग टर्मिनल बघायचं. इथे विचारायचं एकच, इमिग्रेशन न ओलांडता या टर्मिनलातून त्या टर्मिनलात जाता येतं का?

दुबईला टर्मिनल १, २ आणि ३ आहेत. एमिरेट्स ३ मध्ये, फ्लायदुबई २ आणि ३ दोन्हीकडून उडते, बाकीच्या बऱ्याच एअरलाइन १ मध्ये. १ आणि ३ आतून जोडलेले आहेत, २ धावपट्टीच्या पलीकडे आहे पण तिथे जायला आतली बस आहे, इमिग्रेशन ओलांडावं लागत नाही. बस आहे म्हणजे वेळही लागतो, हे धरून चाला.

सिंगापूरला चार टर्मिनल, १, २ आणि ३ मध्ये आतल्या आत स्कायट्रेन फिरते, ४ ला आतून बस जाते. तो फोटोत दिसणारा ज्युएलचा धबधबा मात्र बाहेरच्या बाजूला आहे, तो बघायचा तर इमिग्रेशन ओलांडावं लागतं. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, यूके, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांचा चालू व्हिसा असेल तर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय बाहेर पडायची सोय आहे, तिच्या अटी सिंगापूर इमिग्रेशनच्या साइटवर वाचून घ्या.

दोहा आणि अबुधाबी नवख्यांसाठी सगळ्यात सोपे, कारण एअरलाइन कुठलीही असो, टर्मिनल एकच. अबुधाबीत नोव्हेंबर २०२३ मध्ये टर्मिनल ए सुरू झालं आणि सगळ्या एअरलाइन तिथे गेल्या. अमेरिकेला जाणार असाल तर अबुधाबीतच अमेरिकेचं इमिग्रेशन होतं, तिथे वेगळी रांग असते, त्याचा वेळ धरा. आईवडिलांना एकटं पाठवायचं असेल तर मी डोळे झाकून एक तिकीट आणि एका टर्मिनलचा विमानतळ सुचवतो, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

क्वालालंपूर याच्या बरोबर उलटं, आणि तरीही जमतं. तिथे टर्मिनल १ आणि टर्मिनल २ आतून जोडलेलेच नाहीत. बजेट एअरलाइन २ वर, मलेशिया एअरलाइन्स आणि बऱ्याच मोठ्या एअरलाइन १ वर. एकातून दुसऱ्यात जायचं तर इमिग्रेशन, बॅग, कस्टम सगळं करून बाहेर यायचं, ट्रेनने जायचं, तीन मिनिटं लागतात, आणि पुन्हा आत. हे जमतं कारण १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश दिलाय. सवलत मुदतीची आहे, म्हणून तिकीट काढताना ती चालू आहे का हे त्या दिवशी बघायचं. सोबत एमडॅक नावाचं ऑनलाइन अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी.

सिडकोतली माझी मावशी मेलबर्नला लेकीच्या बाळंतपणाला याच रस्त्याने गेली, वय ६३, इंग्रजी वाचता येतं पण बोलायला संकोच. तिला मी रेघांच्या वहीच्या पानावर मराठीत पाच ओळी लिहून दिल्या होत्या:

"उतरल्यावर 'अरायव्हल' लिहिलंय तिकडेच जा, 'ट्रान्सफर' लिहिलंय तिकडे नाही.
इमिग्रेशनला पासपोर्ट, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आणि पुढचं तिकीट तिन्ही एकदम दे.
निळी बॅग घे, लाल रिबीन बघ.
बाहेर आल्यावर ट्रेनची पाटी, टर्मिनल १ ला उतर.
वर पाचव्या मजल्यावर जा, तिथे काउंटर आहेत. मगच मला फोन कर."

नऊ तासांचा वेळ ठेवला होता, सगळं मिळून अडीच तासांत ती पाचव्या मजल्यावर होती. बाकी वेळ बसून काढला, पण मनाला घोर नव्हता.

पायरी ४: देशाचा नियम, पासपोर्ट भारतीय धरून

अमेरिका: तिथे इमिग्रेशन न ओलांडता ट्रान्झिट असा प्रकारच नाही. मेक्सिकोला जायला ह्यूस्टनला दोन तास थांबलात तरी इमिग्रेशन होणार, त्यामुळे सी-१ ट्रान्झिट किंवा चालू बी१/बी२ (कामाचा-फिरण्याचा) व्हिसा लागतोच, आणि एक तिकीट असलं तरी पहिल्या अमेरिकन विमानतळावर बॅग उचलून पुन्हा पट्ट्यावर टाकावी लागते. अबुधाबीसारख्या ठिकाणी इमिग्रेशन आधीच झालं असेल तर तेवढी वेगळी गोष्ट.

कॅनडा: विमानतळ न सोडता थांबायलाही भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो, ४८ तासांपर्यंतचा, त्याला फी नाही पण अर्ज करावा लागतो आणि दिवस जातात. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून टोरांटोत चालून जाईल असं समजू नका.

यूके: इथे दोन प्रकार. आतल्या आत विमान बदलायचं असेल तर डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा, आणि बॅग घ्यायला किंवा दुसऱ्या विमानतळावर जायला इमिग्रेशन ओलांडायचं असेल तर व्हिजिटर इन ट्रान्झिट व्हिसा. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांचा चालू व्हिसा असेल तर अटींवर सूट मिळते. यूकेच्या सरकारी साइटवर "ट्रान्झिट व्हिसा लागतो का" अशी प्रश्नावली आहे, तीत देश आणि व्हिसा भरला की उत्तर येतं. हीथ्रोवर टर्मिनल २, ३, ४, ५ आहेत, आतल्या आत फुकट बस फिरते, जांभळ्या रंगाच्या 'फ्लाइट कनेक्शन्स' पाट्या धरून चालत राहायचं.

शेंगेन म्हणजे युरोपचा मोठा भाग: इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. विमानतळावरच्या ट्रान्झिटसाठी ज्या देशांच्या नागरिकांना व्हिसा लागतो अशी एक सामायिक यादी आहे, तीत भारत नाही. पण प्रत्येक देश आपल्यापुरती यादी वाढवू शकतो, आणि अशा वाढीव यादीत भारताचं नाव आलेलं आहे. त्यामुळे ॲमस्टरडॅमला चाललं म्हणून फ्रँकफर्टला किंवा पॅरिसला चालेल हे गृहीत धरता येत नाही, हे नियम बदलतातही, त्या देशाच्या भारतातल्या दूतावासाची साइट तिकिटाच्या दिवशी उघडून बघा. दुसरा खड्डा त्याहून खोल आहे: मुंबई-फ्रँकफर्ट-रोम-न्यूयॉर्क असं तिकीट घेतलंत तर फ्रँकफर्ट ते रोम हा प्रवास त्यांच्या दृष्टीने नाशिक-नागपूरसारखा आतला आहे. म्हणजे फ्रँकफर्टलाच इमिग्रेशन, म्हणजे पूर्ण शेंगेन व्हिसा. एक थांबा आणि दोन थांबे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हाँगकाँग: आतल्या आत थांबायला भारतीयांना व्हिसा नको, बाहेर पडायचं असेल तर आधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते.

यूएई: आत थांबायला व्हिसा नाही. बॅगेसाठी बाहेर यायचं तर व्हिसा, अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड, यूके किंवा युरोपियन युनियनचा रहिवासी परवाना असं काही ज्यांच्याकडे आहे त्यांना तो तिथे पोचल्यावर मिळू शकतो.

आणि हे लक्षात ठेवा की तुम्हाला चढू द्यायचं का नाही हे पहिल्यांदा मुंबईच्या काउंटरवर ठरतं. चुकीचा प्रवासी नेला तर एअरलाइनला दंड होतो आणि त्याला परत आणावं लागतं, म्हणून ते लोक कडक असतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर आयाटा या एअरलाइनच्या जागतिक संघटनेची टिमॅटिक नावाची यादी असते, त्यात जे लिहिलंय तेच ते मानतात. तीच माहिती आयाटाच्या साइटवर तुम्हालाही बघता येते, स्वतःचा मार्ग टाकून बघा आणि प्रिंट काढून ठेवा, काउंटरवर वाद घालण्यापेक्षा तो कागद पुढे करणं बरं.

पायरी ५: दुसरा बोर्डिंग पास आधीच हातात

एक तिकीट असेल तर मुंबईतच दोन्ही बोर्डिंग पास मागा. दोन तिकिटं असतील तर दुसऱ्या एअरलाइनचं वेब चेक-इन निघायच्या आधीच करून प्रिंट घ्या. कधी कधी वेब चेक-इन होतं पण पास येत नाही, "कागदपत्रं तपासायला काउंटरवर या" असा मेसेज येतो, कारण पुढच्या देशाचा व्हिसा त्यांना डोळ्यांनी बघायचा असतो. हा काउंटर इमिग्रेशनच्या अलीकडे, ट्रान्सफर डेस्कवर आहे का बाहेर, हे दुसऱ्या एअरलाइनला ईमेल करून लेखी विचारा. बऱ्याच बजेट एअरलाइनची आत डेस्कच नसते, आणि मग हातात फक्त केबिन बॅग असूनही तुम्ही आतच अडकता. ज्यांचा ट्रान्झिट व्हिसा नाही त्यांनी हे उत्तर मिळेपर्यंत पैसे भरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

फाइलमध्ये काय काय: पासपोर्ट, शेवटच्या दिवसापासून सहा महिने तरी वैध असलेला, दोन्ही तिकिटांची प्रिंट, शेवटच्या देशाचा व्हिसा, तिथला पत्ता, विमा. मोबाइलमध्ये आहे म्हणू नका, रात्री तीनला बॅटरी जाते. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये नाही.

पायरी ६: किती वेळ ठेवायचा

एका तिकिटावर एअरलाइनने विकलेला वेळ पुरतो, ते किमान वेळेच्या खाली विकत नाहीत, तरी मी दोन तासांच्या खाली घेत नाही. दोन तिकिटं, हातात बॅग, आतल्या आत, तर पाच तास. दोन तिकिटं आणि इमिग्रेशन ओलांडून बॅग घेऊन दुसरं टर्मिनल, तर आठ. विमानतळच दुसरा असेल तर सरळ दुसऱ्या दिवसाचं विमान. कोणाला हे जास्त वाटेल, पण पहिलं विमान तीन तास लेट झालं तर याच वेळातून जातं.

पायरी ७: उतरल्यावर

विमानातून बाहेर पडलात की पाच-दहा मिनिटांत एक फाटा येतो. एकीकडे 'अरायव्हल' किंवा 'बॅगेज क्लेम', दुसरीकडे 'ट्रान्सफर' किंवा 'कनेक्शन्स'. सगळी गर्दी अरायव्हलकडे वळते आणि माणूस मेंढरासारखा मागे जातो. थांबा, भिंतीला टेका, आपली पाटी शोधा. व्हिसा नसेल तर ट्रान्सफर. चुकून इमिग्रेशनच्या रांगेत लागलात तरी शिक्का बसायच्या आधी मागे फिरता येतं, तिथल्या कर्मचाऱ्याला पुढचा बोर्डिंग पास दाखवा.

पुढे पुन्हा सिक्युरिटी चेक होतो, आणि इथे आपल्या लोकांचं तूप, लोणचं जातं, कारण १०० मिलीच्या वरचं द्रव बहुतेक ठिकाणी केबिनमध्ये चालत नाही. मुंबईच्या ड्युटी फ्रीमधून बाटली घेतली असेल तर ती सीलबंद पिशवी पोचेपर्यंत फोडू नका. मग स्क्रीनवर फ्लाइट नंबर शोधा, गेट आणि टर्मिनल तिथेच कळतं, छापील तिकिटावरचं टर्मिनल बदललेलं असू शकतं. बस किंवा ट्रेनने आधी त्या टर्मिनलला पोचा, चहा-पाणी तिथे गेल्यावर.

खाण्याच्या सामानाबद्दल एक गंभीर गोष्ट. यूएईमध्ये खसखस बेकायदेशीर आहे. दिवाळीच्या सुमाराला आई डब्यात अनारसे देते आणि त्यावर खसखस असतेच, मसाल्यातही असते. दुबई-अबुधाबीवरून जाणार असाल तर खसखस कुठल्याच बॅगेत नको, चिवडा न्या, मनुका न्या. कोडीनसारखं औषध असलेल्या गोळ्या-सिरपचंही तसंच, डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय नेऊ नका, आणि नेण्याआधी तिथली औषधांची यादी बघा.

गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, तिचे सहसा पैसे पडत नाहीत, आणि तो माणूस त्यांना सिक्युरिटी, बस, गेट सगळीकडून नेतो. दोन तिकिटं असतील तर दोन्ही एअरलाइनला वेगळं सांगावं लागतं, नाहीतर पहिला माणूस ट्रान्सफर डेस्कपाशी सोडतो आणि पुढे न्यायला कोणीच येत नाही.

नाशिकहून निघताना

आपल्याकडे पहिला टप्पाच लांब आहे. गाडीने मुंबईला जाणार असाल तर इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून घाट सोपा झालाय, पण भिवंडी-ठाण्याची गर्दी तशीच आहे, मी अजूनही विमानाच्या नऊ तास आधी नाशिकचं द्वारका सोडतो. आणि आता मुंबईत पण "शहर एक, विमानतळ दोन" झालंय, २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं उडतायत, तर गाडीवाल्याला नुसतं "एअरपोर्ट" सांगू नका, सहारचं टर्मिनल २ का नवी मुंबई ते तिकिटावर बघून सांगा.

नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीला जाऊन तिथून बाहेर जाणारेही आता बरेच आहेत. व्हिसाचा प्रश्न नाही, पण दोन तिकिटांचे बाकी सगळे नियम लागू, आणि दिल्लीत आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल ३ वरून असतात, तुमचं ओझरचं विमान टर्मिनल १ ला उतरलं तर बसने जावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात सकाळची विमानं तासन् तास अडकतात, त्या दोन महिन्यांत मी आदल्या दिवशी दिल्लीत पोचतो.

विमान चुकलंच तर

एक तिकीट असेल तर ट्रान्सफर डेस्कवर उभे राहा, नवीन बोर्डिंग पास आणि रात्र काढावी लागली तर हॉटेलचं विचारा, व्हिसा नसेल तर विमानतळाच्या आतली सोय विचारा. दोन तिकिटं असतील तर इमिग्रेशन ओलांडायचा प्रयत्न करू नका, फोनवरून त्याच विमानतळावरून पुढचं तिकीट काढा आणि ते घेऊन ट्रान्सफर डेस्कला जा. विमा काढताना 'मिस्ड कनेक्शन' मध्ये वेगवेगळी तिकिटं धरतात का ते पॉलिसीत वाचा, काही धरत नाहीत.

परतीचा मार्ग पुन्हा पहिल्यापासून तपासा, जाताना चाललं म्हणून येताना चालेल असं नाही. जाताना तुमच्याकडे कॅनडाचा चालू व्हिसा होता म्हणून लंडनला सूट मिळाली, येताना तो संपलेला असेल तर सूटही वेगळी. आणि परत येताना दिल्लीमार्गे देशांतर्गत विमानाने ओझरला येणार असाल तर भारतात पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन आणि कस्टम होतं, बॅग तिथे उचलून पुन्हा द्यावी लागते, पट्टीवर नाशिकचा कोड असला तरी पट्ट्यापाशी जाऊन आपली बॅग आली का ते बघायचं.